नवव्या गड्ड्याची वाळू

आईला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. केळझरच्या गणपतीपुढे दर चतुर्थीला उभी राहते, तिथेही तोंड उघडलं नाही — तिथे तर नाहीच, कारण त्याचं नाव मी यात वापरलंय. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. ऐकताना चेहरा वाकडा केलात तरी मला दिसणार नाही.

आधी एक गोष्ट साफ करून टाकते. मी गरीब बिचारी वगैरे नाही. मला राग येतो, आणि आलेला राग माझ्याकडे मुक्कामाला असतो. शाळेत गणित शिकवते. पोरं मागून मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ती फारसं चुकत नाहीत. तेव्हा पुढे कुठे मी रडवेली वाटले, तर समजा की मी काहीतरी लपवते आहे.

सेलू तालुक्यात, केळझरच्या अलीकडे, एका कारखान्याची वसाहत आहे. तिच्या मागच्या अंगाला गोल्फचं मैदान आहे — नऊ होलचं. वर्ध्यात गोल्फ? लोक हसतात. हसू द्या. पूर्वीच्या कुठल्याशा इंजिनिअरला हौस होती, त्याने ते आखलं, तो गेला, मैदान उरलं. माझे बाबा, नारायण माळी म्हणून तिथे सगळे ओळखत, होलला गड्डा म्हणायचे. गावातलीही माणसं 'नऊ गड्ड्यांचं मैदान' असंच म्हणतात. मीही तेच म्हणेन, कारण मी ते बाबांच्या तोंडून शिकले.

गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हिरवीगार हिरवळ आली असेल. ती विसरा. एप्रिलमध्ये जिथे प्यायच्या पाण्याची ओढाताण, तिथे गवताला कोण पाणी घालतो? आमच्याकडे गड्ड्याभोवती हिरवळ नसते, वाळू असते. धाम नदीची बारीक वाळू चाळून घ्यायची, तिच्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल कालवायचं आणि धुम्मसाने चोपून तिचं गोल अंगण करायचं. साहेब लोक त्याला ब्राऊन म्हणतात. अशी नऊ अंगणं. नऊच्या नऊ माझ्या बाबांच्या हातची. त्यांच्या नखांतलं काळं तेल लग्नकार्यालासुद्धा निघायचं नाही.

त्या वाळूवर सगळं उमटतं. चेंडू थांबला की त्याच्याखाली छोटा खळगा पडतो. चेंडू घरंगळला की रेघ उठते. चिमणी चालून गेली तरी कळतं. म्हणून गड्डा खेळून झाला की वाळू पुसायची, मागून येणाऱ्याला कोरी मिळाली पाहिजे. त्यासाठी लाकडी दांड्याला जाड गोणपाट ठोकलेलं असतं, बाबा त्याला पोतारं म्हणायचे. गड्ड्यापासून सुरू करायचं आणि गोल गोल ओढत बाहेर यायचं. ज्याच्या हातात गड्ड्यातला झेंडा, त्याने पोतारं ओढायचं — ही आमच्या क्लबाची रीत. हे लक्षात ठेवा. मी विसरले होते. आयुष्यात एकदाच विसरले.

आता ढोलेसाहेब.

ढोलेसाहेब वसाहतीत मोठ्या हुद्द्यावर आणि क्लबाचे सेक्रेटरी. इथलेच, सेलूचे, मीटिंगमध्ये शुद्ध बोलायचे आणि मैदानात उतरले की आपल्या बोलीत. उंच, खणखणीत आवाज, खेळ सुंदर. वाईट माणूस होता का? — इथेच माझी पंचाईत आहे. वाईट असता तर मी हे तुम्हाला सांगितलं नसतं, मिरवलं असतं.

मी सातवीत होते. शाळा सुटली की बाबांचा डबा घेऊन मैदानावर जायचे. नाल्यात, बाभळीखाली, काळ्या मातीच्या भेगांत चेंडू हरवायचे. आमच्या जमिनीला फेब्रुवारीतच अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला की गेला. पाऊस पडून गेला की बाबा ते वेचून आणायचे. सोललेले, पिवळे पडलेले चेंडू. खेळणारेच म्हणायचे, 'नारायण, ठेवून घे, पोरीला दे.' बाबा मला द्यायचे. एका साहेबाने टाकून दिलेली वाकडी काठी होती माझ्याकडे. तिने मी क्वार्टरच्या मागे ते चेंडू मारत बसायचे. त्या आठवड्यात मी बाबांच्या मागे लागले होते — 'आणखी आणा, सगळे संपले.'

त्याच आठवड्यात क्लबातून एक पुटर हरवला. पुटर म्हणजे वाळूवर चेंडू ढकलायची काठी. नवा कोरा, मॅनेजरसाहेबांचा. मी डबा घेऊन पोचले तेव्हा बाबा क्लबाच्या ओसरीपुढे उभे होते आणि ढोलेसाहेबांच्या हातात बाबांची कापडी थैली होती. त्यांनी ती उलटी केली. एवढीशी थैली — तिच्यात पुटर मावेल तरी कसा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही? चेंडू निघाले. बारा की तेरा. ओसरीच्या फरशीवर टणटणत पायऱ्यांवरून खाली आले, एक माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. ओसरीत ज्यांनी 'पोरीला दे' म्हटलं होतं, ते दोघे बसले होते. एक पेपर वाचत होता. त्याने पेपर थोडा वर उचलला.

बाबांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. माझंही नाव घेतलं नाही. कागदावर लिहून दिलं की क्लबाच्या वस्तू घरी नेल्या, चूक झाली. मग त्यांना मैदानावरून काढून कारखान्याच्या राखेच्या यार्डात टाकलं. वसाहतीतल्या बाया आईला विचारायच्या, 'काऊन वं, नारायणभाऊ मैदानावर दिसत नाई?' आणि उत्तर ठाऊक असल्यासारख्या उभ्या राहायच्या.

पुटर महिनाभरात सापडला. मॅनेजरसाहेबांच्या स्वतःच्याच गाडीच्या डिक्कीत. बाबांना कुणी काही सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते ड्रायव्हरकडून. वर्षभरात नऊच्या नऊ ब्राऊन खड्डे पडून उखडले, रोही, म्हणजे नीलगाई, येऊन त्यांवर लोळू लागले, तेव्हा ढोलेसाहेबांनी बाबांना परत बोलावलं. माफी? ती राहू द्या. 'नारायण, उद्यापासून ये,' एवढंच. आणि बाबा गेले. आनंदाने गेले! मला त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. अपमान त्यांचा झाला आणि तो जपून ठेवला मी. ते नदीवर वाळू आणायला गेले, मी दात आवळून बसले.

मी शिकले, वसाहतीच्या शाळेत लागले. शाळेतल्या लोकांना क्लबाचं सभासद होता येतं. माझ्या अर्जावर सही कुणी केली असेल? ढोलेसाहेबांनी. खुशीने. 'नारायणची पोरगी हाये, हिच्या हातात खेळ हाये,' असं सगळ्यांना सांगत फिरले. मला पकड शिकवली, खांदे सैल कसे सोडायचे ते शिकवलं. मी शिकून घेतलं, 'थँक्यू सर' म्हटलं आणि वाट पाहिली. कसली वाट? तेव्हा मला सांगता आलं नसतं. पण माणसाला आतून ठाऊक असतं की आपण कुणाकडे कसल्या नजरेने बघतो आहोत.

आता सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला रविवार, क्लबाचा वार्षिक कप. ढोलेसाहेब रिटायर होऊन सेलूत राहायला गेले होते, पण कपाला यायचेच. बाबाही रिटायर झालेले. तरी रोज सकाळी मैदानावर चक्कर असायची, नव्या माळ्याच्या चुका काढायला. त्या सकाळी माझ्या पांढऱ्या शर्टाचं बटण तुटलं. मी सुईत दोरा घालायला धडपडत होते. बाबांनी सुई माझ्या हातातून घेतली, खिडकीकडे धरली आणि एका दमात ओवून दिली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बिनचष्म्याचा. हेही लक्षात ठेवा.

आम्ही तिघे शेवटच्या तुकडीत होतो. ढोलेसाहेब, मी, आणि वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचे एक दातांचे डॉक्टर. कपाच्या दिवशी एकाच्या फटक्यांचं कार्ड दुसरा लिहितो. ढोलेसाहेबांचं कार्ड माझ्याकडे होतं. शेवटी मी त्यावर सही केली, तरच ते खरं.

नऊ गड्डे दोनदा खेळायचे असतात; पहिली खेप झाली आणि दुसरी सुरू झाली. पहिला गड्डा नाल्यापलीकडे, दुसरा भेगांच्या पट्ट्यात. तिसऱ्याला डॉक्टरांचा चेंडू बाभळीत अडकला. चौथ्यावर रोह्यांचा कळप आडवा गेला, आम्ही थांबून राहिलो. पाचव्यावर ढोलेसाहेबांनी मला घरची संत्री सोलून दिली. मी खाल्ली. हे सगळं मी का सांगते आहे? — कारण सहाव्या गड्ड्यापर्यंत माझ्या मनात काहीही नव्हतं. खरंच नव्हतं. निदान मला तसं म्हणायला आवडतं.

सातव्याला पळस आहेत. त्या दिवशी भडकून फुलले होते. तिथे डॉक्टर चेंडू शोधत होते आणि ढोलेसाहेब काठीवर रेलून उभे राहिले, हसायला लागले, आणि म्हणाले, "तुह्या बापाची थैली म्या एकडाव उलटी केलती, माहीत हाये का तुले? पुटर पाहाले गेलो, तं निरे चेंडूच चेंडू! पायऱ्यावरून उड्या मारून राह्यलते. आमी काय हासलो, काय हासलो! अन् पुटर सापडला मॅनेजरच्याच डिक्कीत!"

ते विसरले नव्हते. मी इतकी वर्षं समजत होते की ते विसरले, आणि त्याचाच राग धरून होते. पण ते विसरले नव्हते — त्यांच्याकडे ती एक मजेची गोष्ट म्हणून जपलेली होती. डब्यासकट उभी असलेली पोरगी त्या गोष्टीत नव्हतीच. चपलेपाशी आलेला चेंडू नव्हता. राखेचं यार्ड नव्हतं.

मी काय केलं? मी हसले. 'हो का सर?' म्हणाले.

आठवा गड्डा कसा खेळले, आठवत नाही.

नववा गड्डा क्लबाच्या ओसरीपुढे आहे. पण ब्राऊन थोडा खोलगट जागेत असल्याने ओसरीतून माणसं दिसतात, वाळू दिसत नाही. दुसऱ्या खेपेचा हा शेवटचा गड्डा. ढोलेसाहेब डॉक्टरांपेक्षा एका फटक्याने पुढे. डॉक्टरांचं संपलं आणि ते फोन कानाला लावून पाठमोरे चालायला लागले. उरलो आम्ही दोघं. ढोलेसाहेबांचा चेंडू गड्ड्यापासून हातभर लांब होता आणि माझ्या वाटेत येत होता. अशा वेळी चेंडूच्या मागे नाणं ठेवायचं, चेंडू उचलायचा आणि दुसऱ्याचं झालं की नाण्यापुढे बरोब्बर तिथेच परत ठेवायचा. खेळात चोरी करायची तर हीच जागा. नाणं बोटाने पुढे ढकलायचं — कुणाला कळतं?

ढोलेसाहेबांनी नाणं ठेवलं. चेंडू उचलला. माझं झालं. मी झेंडा हातात घेऊन उभी राहिले. त्यांनी गुडघा टेकून चेंडू परत ठेवला — जिथे होता तिथेच. तसूभरही हलला नाही. मी दोन हातांवरून बघत होते. त्यांनी हलकेच ढकलला, चेंडू आत गेला, आणि त्यांनी माझ्याकडे बघून पोरासारखी मूठ उंचावली. कप त्यांचा होता.

मी झेंडा गड्ड्यात रोवला आणि थेट ओसरीकडे चालायला लागले.

टेबलाशी कमिटीचे तिघे बसले होते. मी कार्ड ठेवलं, पेन उचललं, आणि परत खाली ठेवलं. म्हणाले, 'मला सही करता येणार नाही. सरांनी चेंडू परत ठेवताना वीतभर पुढे ठेवला.'

इतकं सोपं असतं ते. मला तर बरं वाटलं. अंगातून ताप उतरल्यावर वाटतं तसं. ढोलेसाहेब मागून आले, अजून हसत. "काऊन वं कुंदा, सही काऊन नाई करून राह्यली?" कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरताना मी बघत होते. डोळे वळवले नाहीत. त्याच पायऱ्या, तीच फरशी. मनात म्हटलं, बघा, आता कसं टणटणतं ते.

एकजण म्हणाला, बाई, हा मोठा आरोप आहे, केळझरच्या गणपतीची आण घेऊन सांगता? मी घेतली.

डॉक्टर म्हणाले, 'मी पाहिलं नाही.' उरला माझा शब्द आणि ढोलेसाहेबांचा शब्द. आणि मग ढोलेसाहेब एकदम म्हणाले, "थांबा. वाळू तशीच हाये. हिनं पोतारं नाई ओढलं. नारायणले बोलवा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. झेंडा माझ्या हातात होता. त्या वाळूवर चेंडू जिथे मुळात थांबला तो खळगा होता आणि तिथूनच गड्ड्यापर्यंत गेलेली रेघ होती. चेंडू पुढे ठेवला असता तर खळगे दोन असते आणि रेघ दुसऱ्यापासून सुरू झाली असती. माळ्याची पोर मी — जन्मभर एकही ब्राऊन न पुसता सोडला नव्हता. त्या दिवशी सूड घ्यायची इतकी घाई झाली होती की सोडून आले.

बाबा पाण्याच्या माठांच्या मांडवाखाली बसले होते. पोरीचा खेळ बघायला आले होते, दुसरं काय? त्यांना आणलं. काय झालं ते सांगितलं. ढोलेसाहेब म्हणाले, "नारायण, तू म्हणशील ते मले कबूल. तू वाळूवरचं खोटं नाई सांगत."

हे वाक्य मला पाठ आहे. त्या माणसाने, ज्याने ती थैली उलटी केली, साऱ्या ओसरीसमोर हे म्हटलं. पंचवीस वर्षं मला जे ऐकायचं होतं ते त्याने माझ्याच खोट्यापायी म्हटलं. तिथेच मी बोलायला हवं होतं ना? तोंडात शब्द होता. अजून वेळ होता. मी नाही बोलले. मला वाटत होतं, हे फार थोडं आहे, फार उशिरा आहे.

सगळे खाली ब्राऊनपाशी गेलो. बाबा कडेला उकिडवे बसले, नेहमी बसायचे तसे, एक हात जमिनीला टेकवून, मान तिरकी करून, उजेड आडवा पडेल असे. मी त्यांच्या समोर उभी होते. मलाही सगळं दिसत होतं. माझी आणि डॉक्टरांची रेघ वेगळी, आणि ढोलेसाहेबांचा एक खळगा. एक रेघ. मागे नाण्याचा चपटा गोल. पहिलीतल्या पोराने वाचावं इतकं स्वच्छ.

बाबांनी बराच वेळ बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. मी सातवीत असताना गणित चुकलं की माझ्या वहीकडे बघायचे तसं.

"मले आता बारीक दिसत नाई, सायब," ते म्हणाले.

ढोलेसाहेब म्हणाले, "नारायण, नीट पाह्य ना बाप्पा."

"डोये गेले, सायब."

आणि ते उठले. पोतारं कडेलाच पडलं होतं. त्यांनी ते उचललं, गड्ड्यापाशी टेकवलं आणि गोल गोल ओढत बाहेर यायला लागले. सावकाश, एकही पट्टा न सोडता. कुणी अडवलं नाही. कमिटीचे तिघे, डॉक्टर, ढोलेसाहेब, मी — सगळे गोल करून उभे होतो आणि मधे बाबा ती वाळू पुसत होते. रेघ गेली. खळगा गेला. शेवटी आमच्याच बुटांच्या खुणा उरल्या. बाबांनी आम्हाला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि त्याही पुसल्या.

ढोलेसाहेबांना कळलं होतं का? कळलंच असणार. स्वतः काय केलं नाही ते त्यांना ठाऊक होतं, आणि नारायणचे डोळे कसे आहेत तेही. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला वाटतं — वाटतं फक्त — की तेव्हा त्यांना ती डबेवाली पोरगी पहिल्यांदा दिसली. टेबलाशी गेले, आपलं कार्ड उचललं, चार तुकडे केले आणि गाडीत बसून निघून गेले. ते फाडणं म्हणजे कबुली, असं ओसरीने ठरवलं. कप डॉक्टरांना मिळाला.

पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते. मी थांबले नाही. सोमवारी स्टाफरूममध्ये खडू आणि डस्टर घेऊन करून दाखवलं, नाणं कसं सरकवलं ते. सगळ्या खो खो हसल्या. 'वीतभर साहेब' हे नाव मी ठेवलं. ते सेलूच्या बाजारापर्यंत पोचलं तेव्हा मी आतून सुखावले. ढोलेसाहेबांनी सभासदत्व सोडलं, वर्षभरात सेलूचं घर विकून नागपूरला मुलाकडे गेले. जेवण चांगलं जायचं मला त्या दिवसांत. झोप लागायची. कुणी म्हणतं ना की पाप करणाऱ्याला चैन पडत नाही? मला पडत होती.

पण लोक फक्त त्यांच्याबद्दलच बोलत नव्हते. ओसरीतल्या काहींना बाबांचा तो जुना प्रसंग आठवला. आणि बोलणं असं फिरलं — नारायणला स्वच्छ दिसलं होतं, ढोलेसाहेब निर्दोष होते, म्हाताऱ्याने जुना डूख धरून मुद्दाम वाळू पुसली. 'आयुष्यभर गोड बोलला अन् शेवटी डाव साधला.' पोरीची बघण्यात चूक झाली असेल, पण म्हाताऱ्याने जाणूनबुजून केलं. असं. माझं खोटं माझी नुसती चूक ठरलं, आणि डूख, जो सगळा माझा होता, तो बाबांच्या नावावर गेला. ज्या माणसाने कधी कुणाचा राग केला नाही त्याच्या.

हे माझ्या कानावर आलं. एकदा नाही, तीनदा. एकदा तर माझ्या तोंडावर एकजण म्हणाला, हळहळून. मी गप्प राहिले. एक वाक्य पुरलं असतं — 'बाबांनी माझं खोटं झाकलं.' पाच शब्दही नाहीत. पण ते म्हटलं असतं तर ढोलेसाहेब सगळ्यांपुढे सुटले असते. आणि त्यांना सोडायची माझी तयारी नव्हती. बाबांचं नाव आणि माझा सूड, दोन्ही समोर होते. मी सूड ठेवून घेतला.

बाबा त्या दिवसानंतर मैदानावर गेले नाहीत. सकाळी उठायचे, टोपी घालायचे, फाटकापर्यंत जायचे आणि मागच्या रस्त्याने परत यायचे. नवा माळी एक-दोनदा विचारायला आला, वाळू बसत नाही म्हणून. बाबांनी त्याला दारातूनच सांगितलं की मले आता काही दिसत नाई. आईने सुई पुढे केली की तिलाही तेच सांगायचे. एकदा खोटं बोलल्यावर ते त्यांनी शेवटपर्यंत निभावलं. दोन वर्षं. चांगले डोळे असलेला माणूस दोन वर्षं भिंतीला हात लावत चालला. मग गेले.

मला त्यांनी कधी विचारलं नाही. का केलंस, कशासाठी, काही नाही. त्या रविवारी संध्याकाळी मात्र, मी जेवायला वाढत होते तेव्हा, ताटावरून मान न उचलता एवढंच म्हणाले, "वाळू अशी टाकून येत नसते, बाई."

मी अजून खेळते. नववा गड्डा आला की झेंडा मीच धरते आणि पोतारं मीच ओढते. नागपुरात ढोलेसाहेब आहेत, चांगले आहेत म्हणतात. पत्ता माझ्याकडे आहे. मी लिहिलेलं नाही आणि लिहीन असं वाटत नाही. त्यांच्याविषयी विचाराल तर मला आजही वाईट वाटत नाही. तो दिवस परत आला तर मी पेन परत खाली ठेवीन, असंच मला वाटतं. फक्त निघायच्या आधी वाळू पुसून निघेन — आणि हे सांगतानाही मला तेवढंच सुचतंय, यावरून मी कशी आहे ते तुम्हाला कळेल.

त्या दिवशी ओसरीवर उलटी केली तेव्हा बाबांच्या थैलीत चोरीचं काही नव्हतं. माझ्यासाठी वेचलेले बारा-तेरा चेंडू होते. खोटं असं त्यांच्याकडे आयुष्यात एकच निघालं, आणि ते मी ठेवलं होतं.